श्वास कोण सांभाळतं?

कोलोनोस्कोपी उरकून बाहेर आलेला रुग्ण नातेवाइकांना बऱ्याचदा सांगतो, ‘मला पूर्ण झोपवलं होतं, काही कळलंच नाही.’ आत मात्र तो ‘जरा पाठीवर वळा’ म्हटल्यावर वळलेला असतो, कळ आली तेव्हा कण्हलेला असतो, विचारलेल्याला उत्तरही दिलेलं असतं. ही मिडाझोलॅमची किमया. शिरेतून दिलेलं हे औषध मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवतं. धास्ती जाते, डोळे जडावतात आणि तेवढ्या वेळापुरत्या नव्या आठवणी साठत नाहीत. वेदनेसाठी जोडीला अनेकदा फेंटानिल असतं. म्हणजे रुग्ण बेशुद्ध नव्हता, घडलेलं फक्त त्याच्या लक्षात राहिलेलं नाही.

पूर्ण भुलेत सुरी लागली तरी रुग्ण जागा होत नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल पडावेत म्हणून ॲट्राक्युरियमसारखं औषध देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. मग श्वासनलिकेत नळी घालून श्वास व्हेंटिलेटरवर सोपवला जातो. गुंगीत मात्र रुग्ण स्वतःच श्वास घेत असतो. माझ्या मते रुग्णाने एवढा एक फरक पक्का समजून घ्यावा.

तरीही या दोन अवस्थांमध्ये ठळक रेघ नाही. हलकी, मध्यम, गाढ गुंगी आणि मग पूर्ण भूल असे टप्पे भूलतज्ज्ञ मानतात, आणि एकातून दुसऱ्यात माणूस नकळत सरकू शकतो. दुधासारखं पांढरं प्रोपोफोल कमी दिलं तर गुंगी येते, जास्त दिलं तर भूल. वयस्कर माणसाला तर कमी डोसही पुरतो. मिडाझोलॅमवर फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, प्रोपोफोलवर उतारा नाही. ते ओसरेपर्यंत श्वास कुणीतरी सांभाळावाच लागतो. 2009 मध्ये मायकेल जॅक्सनचा जीव गेला तो घरी झोपेसाठी दिलेल्या याच औषधाने.

म्हणूनच ‘एवढ्याशा तपासणीला भूलतज्ज्ञ कशाला?’ हा प्रश्न मला धोक्याचा वाटतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही पुरेसा नसतो. नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावल्यावरही त्यावरचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो. प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ही गडबड आधी पकडतो.

उपाशी राहायला सांगतात तेही श्वासासाठीच. गुंगीत घशाची राखण ढिली पडते आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, आणि सकाळी सवयीने घेतलेल्या त्या कपामुळे तपासणी पुढे ढकलावी लागते.

नंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. रुग्ण मान डोलावत सगळं ऐकतो, पण विसरण्याचा अंमल अजून उतरलेला नसतो, म्हणून गोळ्या आणि पथ्य सोबतच्या माणसाला सांगतात आणि लिहूनही देतात.