सिकलसेलग्रस्तांची समन्वित आरोग्यसेवा आणि डॉक्टरांची भूमिका : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानशेती, तलाव आणि जंगल यांवर येथील जनजीवन अवलंबून आहे. विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती व काही इतर मागासवर्गीय समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या जिल्ह्यातही आहे. हा आजार जन्मभर सोबत राहतो. म्हणून त्याच्या उपचारात एका भेटीपेक्षा सातत्याला अधिक महत्त्व आहे. हे सातत्य राखण्यात डॉक्टरांची भूमिका कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप :
निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची पेशी साधारणतः १० ते २० दिवसांतच नष्ट होते. विळ्याच्या आकाराच्या या ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्याने असह्य वेदना होतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, जंतुसंसर्ग व अतिश्रम ही त्यामागील प्रमुख कारणे होत. उन्हाळ्यातील तेंदूपत्ता तोडणी आणि पावसाळ्यातील चिखलात उभे राहून केलेली रोवणी या दोन्ही कामांत नेमकी हीच कारणे एकत्र येतात. त्यामुळे रुग्णाचे काम जाणून घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

समन्वयाची आवश्यकता :
एकच रुग्ण आशा स्वयंसेविका, आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, २०१६ साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रसंगी नागपूर अशा अनेक ठिकाणी जातो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघाला आणि आधीच्या उपचाराची नोंद सोबत नसली, तर सर्वांनी आपापले काम नीट करूनही रुग्णाचे नुकसान होऊ शकते. उदाहरणार्थ, हिमोग्लोबिन कमी दिसताच लोहाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. परंतु ज्या सिकलसेलग्रस्ताला वारंवार रक्त दिले गेले आहे, त्याच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे प्रसंग कमी होतात. मात्र ते घेताना ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते आणि गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आधीच थांबवावे लागते. औषध एकाने लिहिले, रक्त दुसऱ्याने तपासले आणि प्रसूतिपूर्व तपासणी तिसऱ्याने केली, तर या तिघांना जोडणारा कोणीतरी हवा.

डॉक्टरांची भूमिका :
जोडण्याचे हे काम रुग्णाला सर्वांत जवळ असणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करणे अधिक इष्ट होय. त्याची अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) निश्चित निदान : विद्राव्यता चाचणीतून केवळ सिकल हिमोग्लोबिनचे अस्तित्व कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच ठरते. दोहोंतील फरक कुटुंबाला समजावून सांगणे ही डॉक्टरांची पहिली जबाबदारी आहे.

२) लेखी आराखडा : नियमित औषधे, लसीकरण, पुढील तपासणीची तारीख आणि ताप, छातीत दुखणे, धाप लागणे अशा वेळी तत्काळ कोठे जावे, हे रुग्णाजवळील वहीत सोप्या मराठीत लिहिलेले असावे. डॉक्टरांची बदली झाली तरी ही वही रुग्णाजवळ राहते.

३) दुहेरी संदर्भसेवा : रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठविणे म्हणजे समन्वय नव्हे. तेथे काय केले, हे परत कळविले जाणे आणि ते वाचून पुढील उपचार चालविणे म्हणजे समन्वय होय.

४) सहकाऱ्यांचा सहभाग : पाठपुरावा आशा स्वयंसेविकेने, समुपदेशन समुपदेशकाने करावे, परंतु कोणी काय करावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवून द्यावे.

महाविद्यालयांचे दायित्व :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. आपले विद्यार्थी याच वयोगटातील असून विवाहाच्या उंबरठ्यावर आहेत. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती विवाहापूर्वी मिळणे महत्त्वाचे आहे. मात्र तपासणीचा निकाल गोपनीय राहिलाच पाहिजे. तसेच वारंवार गैरहजर राहणारा विद्यार्थी आळशी आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी प्राध्यापकाने त्याची विचारपूस करावी.

समारोप :
सिकलसेलच्या उपचारात औषध जितके आवश्यक, तितकीच ते कोणी, केव्हा व का दिले याची नोंद आवश्यक आहे. ही नोंद राखणारा आणि रुग्णाला नावाने ओळखणारा एक डॉक्टर प्रत्येक रुग्णाला लाभला, तर सालेकसा किंवा देवरीच्या दुर्गम गावातील मुलाला प्रत्येक दवाखान्यात आपली व्यथा नव्याने सांगावी लागणार नाही. समन्वित आरोग्यसेवेचे यश याच कसोटीवर तपासले जावे.