कोपऱ्यातले साठ अंश

दिवाळीच्या सुट्टीआधी मी दरवर्षी सातवीच्या मुलांकडून आकाशकंदील करून घेते. जुन्या लग्नपत्रिकांचा. सहा चौरस आणि आठ समभुज त्रिकोण कापायचे, सगळ्यांची बाजू 8 सेंटिमीटर, आणि चिकटवायला कडेला बोटभर पट्टी ठेवायची.

यंदा एका मुलीचा कंदील काही केल्या उठेना. सतरंजीसारखा जमिनीला चिकटून राहिला. ती रडवेली झाली, तशी मी शेजारी मांडी घालून बसले. तिने एका बिंदूभोवती दोन चौरस आणि तीन त्रिकोण जोडले होते. चौरसाचा कोन 90 अंशांचा, त्रिकोणाचा 60 अंशांचा. दोन चौरसांचे 180, तीन त्रिकोणांचे 180. पुरे 360! बिंदूभोवती फटच उरली नाही, मग कागद उचलणार कसा?

“एक त्रिकोण काढ,” मी म्हटलं. तिने काढला, मोकळ्या कडा एकमेकींना भिडवल्या, आणि कागदाची टोपी झाली. काढून घेतलेल्या या 60 अंशांमुळेच कागदाला पोट येतं. भेळवाला कागद गुंडाळून पुडा करतो तेव्हा तोही बिंदूभोवतीचे अंश कमीच करत असतो.

मग आम्ही बेरजा मांडल्या. कंदिलाला 12 कोपरे, प्रत्येकात 60 अंश कमी: एकूण 720. खडूच्या खोक्याला 8 कोपरे, प्रत्येकात तीन काटकोन, म्हणजे 90 कमी: पुन्हा 720. चार त्रिकोणांच्या पिरॅमिडला चारच कोपरे, पण प्रत्येकात 180 कमी: तेच 720. सपाट पृष्ठांची, कुठेही आत न दबलेली कुठलीही घनाकृती घ्या, हिशेब चुकत नाही. इतकी वर्षं शिकवूनही ही बेरीज जुळली की माझ्या अंगावर काटा येतो.

हे रने देकार्तने 1630 च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. 1650 मध्ये तो स्टॉकहोमला वारला. त्याचे कागद पॅरिसला नेताना नाव सीन नदीत बुडाली. तीन दिवस पेटारा पाण्यात होता, पानं पसरून वाळवावी लागली. 1676 मध्ये लायब्निझने त्यातली काही उतरवून घेतली. मूळ पानं पुढे हरवली, आणि ती नक्कल छापून आली थेट 1860 मध्ये.

“बाई, मग फुटबॉलचं काय?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. मी शिवणीचा जुना फुटबॉल आणायला सांगितला. त्यात 12 पंचकोन, 20 षटकोन. प्रत्येक कोपऱ्यात एक पंचकोन आणि दोन षटकोन, म्हणजे 108 आणि दोनदा 120, मिळून 348. कमी पडले फक्त 12. कोपरे मोजता मोजता चुकू नयेत म्हणून मुलं प्रत्येकावर खडूची खूण करत गेली. साठावी खूण झाली, आणि फळ्यावर गुणाकार मांडायच्या आत ती कंदीलवाली मुलगीच ओरडली, “सातशे वीस!”