औंढ्याच्या नळ्या आणि रॅम्झेची पत्रं

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. काटकोनात जाणाऱ्या तिच्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. या भुजांमधल्या पोलादी नळ्यांतून लेझरचा किरण धावेल आणि प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपेल. वाटेत हवेचे रेणू आले की मोजमाप बिघडलं. म्हणून नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक लाख कोटीव्या भागावर आणावा लागतो.

पण एवढ्या लांब नळीतली गळती सापडायची कशी? पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तसंच काहीसं इथेही करतात, फक्त पाण्याऐवजी हेलियम घेऊन. नळीतली हवा उपसायची, वेल्डिंगच्या सांध्यावर बाहेरून हेलियम सोडायचा आणि आतल्या बाजूला जोडलेल्या उपकरणात तो उमटतो का ते पाहायचं. हेलियमचा अणू इवलासा, त्यामुळे बारीकशा छिद्रातूनही शिरतो. हवेत तो दहा लाखांत जेमतेम पाच भाग असतो, त्यामुळे आत दिसला तर तो आपणच सोडलेला. शिवाय तो कशाशी संयोगच पावत नाही.

हा वायू पृथ्वीवर कसा सापडला, ते वाचायचं तर विल्यम रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाच्या पत्रांकडे जावं. शोधनिबंधात उत्तर असतं, पत्रांत मात्र उत्तर सापडण्याआधीची धडपड असते. मला तीच जास्त मोलाची वाटते.

सुरुवातच एका पत्राने झाली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच कारण विचारलं. पुढे रॅम्झे या कोड्याला भिडले. मे १८९४ मधल्या पत्रात त्यांनी रॅलेंना विचारलं, की आवर्तसारणीत वायुरूप मूलद्रव्यांसाठी जागा शिल्लक आहे, हे तुमच्या मनात आलं आहे का? हातात जेमतेम एका वायूचा सुगावा, आणि हा माणूस अख्ख्या कुटुंबाची वाट पाहत होता! त्याच वर्षी आर्गॉन जाहीर झाला.

फेब्रुवारी १८९५ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या हेन्री मायर्स या खनिजतज्ज्ञाचं पत्र आलं. युरेनियमच्या एका खनिजातून हिलेब्रँड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला एक वायू मिळाला होता आणि त्याने तो नायट्रोजन मानला होता. रॅम्झेंनी क्लेव्हाइट हे खनिज मिळवलं, ते आम्लात तापवलं, निघालेला वायू शुद्ध करून काचेच्या नळीत भरला आणि त्यातून वीज सोडली. वर्णपटात झळझळीत पिवळी रेषा उमटली. ती सोडियमच्या रेषेला अगदी खेटून होती, पण सोडियमची नव्हती.

नेमकं मोजण्याइतका चांगला वर्णपटमापक रॅम्झेंकडे नव्हता. त्यांनी नळी विल्यम क्रुक्स यांच्याकडे धाडली. २३ मार्चला क्रुक्सची तार आली: हा हेलियम आहे, तरंगलांबी ५८७.४९, येऊन पाहा. दुसऱ्याच दिवशी रॅम्झेंनी बायकोला पत्र लिहून ही हकीकत कळवली. रेषा किती तेजस्वी होती आणि आपण कसे चक्रावलो, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. युरेनियमसारख्या द्रव्यांच्या किरणोत्सर्गातून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रं, म्हणून तो दगडात कोंडलेला असतो. पण हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. किरणोत्सर्गाचाच शोध लागायचा होता.

क्रुक्स यांनी ओळखलेली हीच पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून दिसली होती. नॉर्मन लॉकयर यांनी ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाही इंग्लंडमधून टिपली. हेलियमच्या शोधासंदर्भात विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’शी लॉकयर यांचं नाव जोडलं जातं. तिथे ते आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे हेलियम बाटलीत येऊन जवळपास तीन वर्षं झाल्यावर. या तारखेने किल्ल्याचा मान कमी होतो, असं मला वाटत नाही.

१८९८ मध्येच रॅम्झे आणि त्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. पुढे जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेची जागा ठरवण्यासाठी रॅम्झे भारतात आले आणि त्यांनी बंगळुरूची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्स. गुरूची पत्रं आणि कागदपत्रं नीट लावून ठेवण्याचं कामही ट्रॅव्हर्स यांनीच केलं. आज ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत. हे चिकाटीचं काम झालं नसतं, तर त्या तारेची गंमत आपल्यापर्यंत पोचली असती की नाही, कोण जाणे.

निर्वात नळीत उरलेले वायू तपासताना ४० वस्तुमानाची खूण दिसली की अभियंते सावध होतात. तो आर्गॉन, म्हणजे कुठूनतरी हवा शिरते आहे. गळती शोधायला रॅम्झेंचा एक वायू आणि तिची चुगली करायला दुसरा.

आणि पत्रव्यवहार अजून चालूच आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांमध्ये पहिली गुरुत्वीय लहर उमटली, तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला मार्को ड्रॅगो या तरुण संशोधकाने सहकाऱ्यांना ई-मेल पाठवली. हा चाचणीसाठी मुद्दाम घातलेला संकेत तर नाही ना, अशी त्याची विचारणा होती. औंढ्याला यंत्र सुरू झाल्यावर तिथूनही असल्या मेल जातील. त्या जपण्याची सोय आत्ताच व्हायला हवी, उपकरणांच्या यादीत असावी इतकी पक्की.