साठवण आणि राखीव प्रत : व्यवसायसंस्थांच्या विदा-रक्षणाचा विचार

एखाद्या पेढीची कीर्द-खतावणी, करारपत्रे आणि पत्रव्यवहार पूर्वी कपाटात असत. आज ते बहुतांशी संगणकाच्या डिस्कवर असतात. या स्थित्यंतरात ‘बॅकअप’ हा शब्द आपल्या कार्यालयीन मराठीत रूढ झाला. परंतु त्याच्या अर्थाची मर्यादा मात्र निश्चित झाली नाही. कोणी जादा डिस्कला बॅकअप म्हणतो, कोणी क्लाउडवरील खात्याला, तर कोणी कार्यालयात बसविलेल्या साठवणयंत्रालाच. शब्दाच्या या शैथिल्याची किंमत संस्थेला एखाद्या दिवशी फार मोठी द्यावी लागते. म्हणून साठवण आणि राखीव प्रत यांतील भेद येथे स्पष्ट करावयाचा आहे.

नेटवर्क-अटॅच्ड स्टोरेज, संक्षेपाने ‘नॅस’, म्हणजे एक वा अनेक डिस्क धारण करणारा आणि केवळ फायली सांभाळण्यासाठी योजलेला एक लहानसा संगणकच होय. तो कार्यालयाच्या नेटवर्कला जोडला म्हणजे कर्मचाऱ्यांना आपापल्या अधिकारानुसार एकाच ठिकाणच्या फायली वापरता येतात. त्यात बहुधा ‘रेड’ ही योजना वापरतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी 1988 साली एका निबंधात तिची मांडणी केली. उदाहरणार्थ, 8 टेराबाइटच्या 4 डिस्क ‘रेड-5’ पद्धतीने जोडल्यास 24 टेराबाइट जागा उपयोगास येते आणि कोणतीही एक डिस्क निकामी झाली तरी विदा शाबूत राहते. ‘रेड-6’ पद्धतीत 16 टेराबाइट जागा मिळते, पण दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

येथेच गैरसमजाचा उगम आहे. रेड हा डिस्कच्या मृत्यूवरील उपाय आहे. मनुष्याच्या प्रमादावरील नव्हे. एखाद्या कारकुनाने चुकून वर्षाचा हिशेब पुसला, तर तो त्याच क्षणी सर्व डिस्कवरून पुसला जातो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे. एकाच पोथीवरून उतरविलेल्या दहा पोथ्या मूळ पाठाविषयी दहा स्वतंत्र साक्षी देत नाहीत. त्या सर्वांत तोच दोष उतरलेला असतो. साक्षीचे मोल संख्येत नसून स्वातंत्र्यात असते.

राखीव प्रतीचे हे स्वातंत्र्य त्रिविध असावे लागते : काळाचे, स्थळाचे आणि अधिकाराचे. काळाचे स्वातंत्र्य म्हणजे कालची किंवा गेल्या महिन्याची स्थिती परत मिळविता येणे. नॅसमधील ‘स्नॅपशॉट’ ही सोय ते देते. परंतु स्नॅपशॉट त्याच यंत्रात राहतात, हे विसरता कामा नये.

स्थळाच्या स्वातंत्र्याचे महत्त्व दक्षिण कोरियातील देजॉन येथे दिसून आले. 26 सप्टेंबर 2025 रोजी तेथील शासकीय विदाकेंद्रास आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवणव्यवस्था नष्ट झाली. तीत 858 टेराबाइट विदा होती आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. आकारमान फार मोठे म्हणून प्रत ठेवली नाही, असे कारण देण्यात आले.

अधिकाराचे स्वातंत्र्य म्हणजे मूळ फाइल पुसू शकणाऱ्यास प्रत पुसता न येणे. खंडणीखोर प्रणाली बाधित संगणकाचे अधिकार वापरून नॅसवरील फायलीही कुलूपबंद करतात. 2022 च्या जानेवारीपासून ‘डेडबोल्ट’ने तर इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अनेक नॅस यंत्रांवरच थेट हल्ला केला.

या कसोट्यांवर उपलब्ध पर्याय पाहावेत. बाह्य डिस्क स्वस्त आहे. ती काम होताच सोडवून अन्यत्र नेली तरच तिन्ही कसोट्यांस उतरते. दुसऱ्या शाखेतील नॅस स्थळभेद साधते. मात्र ते केवळ तत्काळ अनुकरण करीत असेल, तर प्रमादाचेही अनुकरण करील. क्लाउड दूरस्थ असतो. पण 10 टेराबाइट विदा सेकंदास 100 मेगाबिट वेगाने परत आणावयास नऊ दिवसांहून अधिक लागतात, आणि तेवढे दिवस पेढी बंद ठेवणे परवडेल काय, हे आधीच ठरवावे. चुंबकीय फीत मंद वाटली तरी कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत कोणताही हल्लेखोर नेटवर्कवरून पोहोचू शकत नाही. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसृत केलेला नियम या साऱ्याचे सार होय.

तथापि परत वाचून न पाहिलेली प्रत ही केवळ समजूत असते. 31 जानेवारी 2017 रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू विदासंच पुसला गेला, तेव्हा नियमित बॅकअप कित्येक दिवस अयशस्वी होत असल्याचे उघडकीस आले. त्याविषयीच्या सूचनाही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी कोणी एका अन्य कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे बहुतेक विदा वाचली.

तेव्हा परिभाषेत ‘साठवण’, ‘प्रतिबिंब’ आणि ‘राखीव प्रत’ हे तीन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवणे इष्ट ठरेल. संस्थाचालकाने ‘आपल्याकडे बॅकअप आहे काय?’ असे विचारल्यास होकारच मिळेल. ‘राखीव प्रत कोठे आहे, ती किती जुनी आहे, ती कोण पुसू शकतो आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली?’ असे विचारल्यास मात्र खरी स्थिती कळेल.