भिंतीवरची गोधडी

ठाण्या-डोंबिवलीतल्या मराठी घराचं कपाट उघडलं की खालच्या कप्प्यात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत हमखास सापडते. संक्रांतीची हळदीकुंकवं, डोहाळजेवणं, मुंजी, वास्तुशांती, नवरात्रातल्या ओट्या, सगळीकडून तुकडे जमत जातात. त्यांच्या रंगाशी जुळणारी साडी बहुधा घरात नसते आणि ओटीचं कापड म्हणून टाकवतही नाही. मग ते पुढच्या संक्रांतीला दुसरीच्या ओटीत जातं. आता यातले काही तुकडे वेगळ्याच वाटेला लागले आहेत. ते रंगवलेल्या मांजरपाटाशेजारी धावदोऱ्याने शिवले जातात आणि त्यांची गोधडी अंगावर न घेता भिंतीवर टांगली जाते. ‘आर्ट क्विल्ट’ हे तिचं नाव आता आपल्याकडेही रुळलं आहे.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात हे काम करणाऱ्या बहुतेक जणी संसारी आहेत. कुणी नोकरीतून निवृत्त झालेली, कुणी शिवणाचे क्लास घेणारी, कुणी अजून रोज सीएसएमटीची लोकल पकडणारी. त्यांच्याबद्दल बोलताना ‘घर सांभाळून किती छान छंद जोपासलाय’ असं कौतुकाने म्हटलं जातं. मला ते वाक्य खटकतं. घर एकीकडे आणि कला दुसरीकडे अशी त्यात वाटणी आहे, आणि गोधडीच्या बाबतीत ती खोटी आहे. गोधडीचा आकार, तिचं कापड, शिवण्याची रीत, सगळं घरानेच ठरवलेलं असतं. पूर्वीही असंच होतं.

जुन्या गोधडीचा हिशेब पाहा. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. त्याचे चार पट्टे केले की प्रत्येक पट्टा पावणेसात फुटांचा होतो, माणसाच्या उंचीला पुरून पायाखाली दुमडता येईल एवढा. दोन पट्टे शेजारी जोडले की दोघांच्या पांघरुणाचा एक थर तयार, म्हणजे एका लुगड्यात दोन थर. आत विरलेली धोतरं, फाटकी पातळं घालायची, वरखाली त्यातल्या त्यात धड लुगडं. वेगळा कापूस भरायची गरज नाही. थर जमिनीवर पसरून सुरकुत्या काढायच्या, कच्चे टाके घालायचे आणि मग गोधडीवरच मांडी घालून कडेकडून आत धावदोरा घालत जायचं, चौकटीच्या आत चौकट, मध्य येईपर्यंत. शिवणाऱ्या बाईच्या वजनानेच कापड ताणलेलं राहतं. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. बाळाची दुपटीही अशाच मऊ पडलेल्या जुन्या कापडाची, कारण नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते.

या गोधडीला मराठी मनात मान होता. आपला शेला विसरून जनाबाईची वाकळ पांघरून पांडुरंग देवळात परतला, ही कथा घराघरांत सांगितली जाते. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. महाराष्ट्राने गोधडीला देवाच्या खांद्यावर जागा दिली, भिंतीवर मात्र दिली नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं आणि ते काढलं फ्रान्समधल्या ‘क्विल्टमेनिया’ने. पुस्तक झालं याचा आनंद आहेच, पण ते काढायला मराठी प्रकाशक पुढे यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईच्या गिरण्यांत कामाला आलेल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीच्या माणसांच्या वळकटीत गोधडी होतीच. पुढे गिरणगावातून, गिरगाव-दादरहून कुटुंबं डोंबिवली-कल्याणकडे सरकली, तेव्हा ती सामानाबरोबर आली आणि माळ्यावर गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्या काळातच रोजच्या वापरातलं सुती पातळ मागे पडून सिंथेटिक साडी घरात रुळत होती. सिंथेटिक साडी सहजी विरत नाही, घाम शोषत नाही, मऊ पडत नाही, आणि तिच्या थरांवरून सुई घसरते. गोधडी मागे पडायला बायकांचा आळस कारण झाला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गोधडीचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला होता.

घराबाहेर मात्र या भागाला कापडाची वाण कधीच नव्हती. भिवंडीचे यंत्रमाग हाकेच्या अंतरावर आहेत. उल्हासनगरात कापडाचा मोठा बाजार आहे आणि जीन्स शिवणारे कारखाने आहेत. ठाण्यात १९२५ साली रेमंडची लोकरी गिरणी उभी राहिली. टेलरकडे कातरणं मागितली तर पिशवी भरून मिळतात. रंगांची सवय लावली ती घरोघरच्या फॅब्रिक पेंटिंगच्या क्लासांनी. कॅमलिनच्या, फेविक्रिलच्या बाटल्या आल्या आणि साडीच्या काठावर, उशीच्या अभ्र्यांवर गुलाब उमलले. मशीनवरचं भरतकाम शिकलेल्या बायकांचा हातही तयार होता. मशीनचे दाते निकामी करून कापड हाताने फिरवत टीप मारायची, हे त्यांना येत होतं. आज महागड्या कार्यशाळांमध्ये ‘फ्री मोशन क्विल्टिंग’ म्हणून जे शिकवतात, ते मुळात हेच कसब आहे. कापड, रंग आणि टाका या तिन्ही गोष्टी इथे वेगवेगळ्या कपाटांत होत्या. त्या एकत्र आल्या हे नवं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. समजा ठाण्याची खाडी काढायची आहे. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढायची. खळ राहिली तर रंग वरवर बसतो आणि धुताना सुटतो. धुताना कापड आटतं, ते शिवायच्या आधीच आटलेलं बरं. मरून आणि गर्द हिरव्या ब्लाउजपीसांवर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही, पाणी नितळ येईपर्यंत ते धूत राहायचं. रंग जाड थापला तर वाळल्यावर कापड रेक्झिनसारखं ताठ होतं, सुई अडते, आणि चुकलेला टाका उसवला तरी भोक दिसत राहतं. म्हणून रंग पातळ करून कापडात मुरू द्यायचा. वाळला की उलट बाजूने इस्त्री फिरवून पक्का करायचा.

जाणत्या बायका सगळं चित्र रंगाने करतच नाहीत. खाडीचं पाणी करड्या-निळ्या पातळ हाताने रंगवून सोडून देतात आणि लाटा टाक्यांसाठी राखून ठेवतात. थरांमधून दोरा ओढला की टाक्याच्या दोन्ही अंगांचं कापड किंचित फुगतं आणि मधल्या घळीत सावली पडते. ती सावली रंगवलेली नसते. खोलीतला उजेड सरकला की तीही सरकते. एखाद्या ठिकाणी काठाची निळी पट्टी लावली की ती भरतीची रेघ होते. कॅनव्हासवरच्या चित्राला हे जमत नाही, आणि नुसत्या छापील तुकड्यांच्या क्विल्टलाही जमत नाही. रंगवलेल्या गोधडीचं वेगळेपण मला इथे दिसतं.

घर या सगळ्यात पदोपदी असतं. जुलैत इथे रंग वाळता वाळत नाही. बाल्कनीतल्या दोरीवर शाळेचे गणवेश असतात, रंगवलेलं कापड पंख्याखाली कॉटवर पसरावं तर दुपारी त्याच कॉटवर सासूबाईंना आडवं व्हायचं असतं. म्हणून पावसाळा टाक्यांचा आणि रंग दिवाळीनंतर, असं वेळापत्रक आपोआप पडतं. गणपतीत घरातली प्रत्येक मोकळी जागा मखराची असते. रंगावरची इस्त्री उद्याच्या शर्टांबरोबर रात्री होते. जेवणाच्या टेबलावर पसारा ठेवता येत नाही, म्हणून चित्राचे वीत-दीड वीत चौकोन पाडले जातात आणि एकेक चौकोन वेगळा पूर्ण होतो. असा चौकोन पर्समध्ये मावतो. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते तसे बसायला मिळालं की टाकेही पडतात. नातवंडाचं चित्र कार्बनने कापडावर उतरवलं जातं. कातरकाम सरळ येणारा नवरा पट्ट्या कापून देतो. कुणी हे नाइलाज म्हणून सांगेल. मला वाटतं, चौकोनांच्या या बांधणीमुळेच इथल्या कामाला स्वतःची लय आली आहे. एकाच खाडीच्या एका चौकोनात सकाळ असते, शेजारच्यात संध्याकाळ, कारण ते वेगवेगळ्या महिन्यांत रंगवलेले असतात.

जगात ज्या बाईने रंगवलेल्या गोधडीला संग्रहालयात नेऊन बसवलं, तिचीही कहाणी अशीच घरातून जाते. फेथ रिंगगोल्ड १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मली. ती चित्रकार, शिक्षिका आणि दोन मुलींची आई. १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये तिने तिबेटी थांका पाहिले, कापडाच्या किनारीत बसवलेली, गुंडाळून नेता येणारी चित्रं. जड चौकटींची मोठी चित्रं हलवणं तिला अवघड जात असे. तिने कॅनव्हासला कापडी किनार लावायला सुरुवात केली. ते शिवून द्यायला घरातच माणूस होतं. तिची आई विली पोझी ही व्यवसायाने फॅशन डिझायनर होती. दोघींनी मिळून १९८० मध्ये ‘एकोज ऑफ हार्लेम’ ही पहिली गोधडी केली. पुढच्याच वर्षी आई गेली. आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना, तेव्हा फेथने गोष्टी गोधड्यांवरच लिहायला घेतल्या. १९८८ मधली ‘टार बीच’ आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. उन्हाळ्याच्या रात्री इमारतीच्या गच्चीवर जमलेलं कुटुंब, टेबलाभोवती बसलेली मोठी माणसं, खाली अंथरुणावर पडलेली मुलं, आणि त्यातली एक मुलगी पुलावरून उडत चालली आहे. मध्ये रंगवलेला कॅनव्हास, भोवती फुलाफुलांच्या कापडांचे चौकोन. डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर मे महिन्यात ज्यांनी अंथरुणं टाकली आहेत, त्यांना हे चित्र कुणी समजावून सांगायला नको. फेथ २०२४ मध्ये वारली.

अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या झिजलेल्या कपड्यांच्या, डेनिमच्या गोधड्या केल्या. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटांवर आल्या. उल्हासनगरच्या जीन्सच्या कातरणांचं काय करता येईल याचा विचार करणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.

पण इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यातून लावायला घेतात, कडेने फिरत मध्याकडे येतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. आपल्या वाकळीची ही सख्खी बहीण आहे, आणि रंगाच्या धीटपणात आपल्यापेक्षा पुढे आहे. फिकटात फिकट मिसळून ‘सोबर’ दिसायची धडपड करणाऱ्या आपल्या शहरी हातांनी तिच्याकडून हे उचलावं.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडच्या रंगवलेल्या गोधड्यांत मोर, गणपती, बुद्धाचा चेहरा आणि वारली नर्तकांचं रिंगण यांची फार गर्दी झाली आहे. वारली चित्रकला जुन्या ठाणे जिल्ह्याचीच. सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत, ती भिंतीवरची कला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर-कापडावर आणून जगभर नेली. त्या रेषेमागे एका समाजाचं शेत, डोंगर आणि देव आहेत. ती उचलून उशीवर छापण्याने त्यांचाही मान राहत नाही आणि आपल्याही हाताला काही मिळत नाही. आपल्याजवळ आपलं पुष्कळ आहे. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरणारे रोहित आहेत, कल्याणच्या दुर्गाडीचा चढ आहे, आठ तेराच्या गाडीला लोंबकळणारी माणसं आहेत, दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून आलेली तरुण पोरं आहेत. यातलं फार थोडं अजून कापडावर आलं आहे. ज्यांनी ते आणलं, त्यांचं काम लांबूनही ओळखू येतं.

मग अडतं कुठे? भिंतीपाशी आणि भावापाशी. आमच्याकडच्या सभागृहांतल्या ‘प्रदर्शन व विक्री’त लोणची, इमिटेशन दागिने आणि कुर्त्यांच्या मधल्या टेबलावर या गोधड्या घडी घालून ढिगात ठेवलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक त्यांची तुलना सोलापुरी चादरीच्या किमतीशी करतं. घडीतलं चित्र दिसणार कसं? अमेरिकेत ‘क्विल्ट नॅशनल’ हे खास कलात्मक गोधड्यांचं प्रदर्शन १९७९ पासून भरतं. चेन्नईत २०१९ साली इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल झाला. ठाण्याला कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. पाच-सहा जणींनी मिळून जागा मागावी. गोधडीच्या मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून तिच्यातून काठी घातली की कोणतीही गोधडी सरळ लटकते. तिच्याखाली किंमत लावताना कापडाच्या पैशांत हाताचे तासही धरावेत, आणि ते सांगताना आवाज खाली आणू नये.

आणखी एक काम आजच करता येईल. आपल्या आज्यांच्या गोधड्या कुणी शिवल्या, कोणत्या साली, कुणाच्या लुगड्यांतून, हे कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही शिवत असाल तर मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आपलं नाव, गाव आणि साल दोऱ्याने घाला, कारण पेनची शाई धुण्यात उडते. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची गोधडी खाली येईलच. ती शिवणारी घरात असेल, तर तिच्या हातात सुई देऊन तिचं नाव तिच्याकडूनच घालून घ्या.