रेसवाले बंद करतात ते बटण आपण बंद करावं का?



सातवीच्या वर्गात घर्षण शिकवत होते. गुळगुळीत फरशी, चपलेचा तळ, सायकलचा ब्रेक अशी नेहमीची उदाहरणं चालली होती. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "मॅडम, रेसवाले गाडीतलं घसरायचं बटण बंद करत्यात. आमचे काका पण आंबोलीच्या घाटात बंद करत्यात. मग गाडी लई भारी पळत्या."

वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. आमच्या नेसरीहून चंदगडकडे जा, तिलारीचा घाट लागतो. आजऱ्याकडून जा, आंबोली लागते. पावसाळ्यात दर रविवारी तिकडे गाड्यांची रांग असते आणि त्यातल्या किती गाड्यांत आपलीच मुलं मागच्या सीटवर बसलेली असतात! म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं. माझा भाऊ कोल्हापुरात गॅरेजात काम करतो, त्यालाही बराच छळला. मी स्वतः स्कूटीवाली आहे, रेसच्या ट्रॅकवर कधी गाडी घातलेली नाही, हे आधीच सांगते.

ते बटण म्हणजे काय ते आधी पाहू. डॅशबोर्डवर गाडीचं छोटं चित्र आणि तिच्या मागे नागमोडी रेघा असलेलं बटण असतं. ते इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचं, थोडक्यात ईएससीचं. कंपन्या त्याला ईएसपी, व्हीएससी, डीएससी अशी वेगवेगळी नावं देतात, काम एकच. ही यंत्रणा बॉश कंपनीने मर्सिडीजसाठी तयार केली आणि १९९५ मध्ये ती पहिल्यांदा महागड्या मोटारींत आली. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या एका मासिकाने मर्सिडीजच्या नव्या छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर स्टिअरिंग झटकन इकडे आणि पुन्हा तिकडे फिरवावं लागतं, तशी ती चाचणी. गाडी उलटली! कंपनीची जगभर नाचक्की झाली आणि तिने त्या गाडीत ईएससी सरसकट बसवून दिलं. तेव्हापासून ही यंत्रणा श्रीमंतांच्या गाडीतून साध्या गाडीत उतरू लागली. आपल्याकडे २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावंच लागतं.

आता ते काम कसं करतं? मुलांना सांगताना मी बैलगाडी घेतली. गाडी डावीकडे वळवायची असेल तर गाडीवान काय करतो? डाव्या बैलाचा कासरा ओढून त्याला आखडतो, उजव्याला पुढे काढतो. गाडी आपोआप डावीकडे वळते. ईएससी हेच करतं, फक्त बैलांच्या जागी चाकं. स्टिअरिंग किती फिरवलं, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, हे ते सेकंदाला कितीतरी वेळा मोजतं. ड्रायव्हरच्या मनात एक आणि गाडीचं भलतंच, असं दिसलं की ते एकाच चाकाचा ब्रेक दाबतं आणि लागलं तर इंजिनाचा जोरही कमी करतं. डाव्या वळणावर गाडीचं नाक सरळच बाहेर चाललं असेल तर मागच्या डाव्या चाकाला ब्रेक. उलट शेपूट सुटून गाडी गरकन फिरायला लागली असेल तर पुढच्या उजव्या चाकाला. ड्रायव्हरच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं, तो कितीही तरबेज असला तरी त्याला एकच चाक निवडून दाबता येत नाही. हा मुद्दा मुलांना फार आवडला.

पण ईएससी पकड निर्माण करत नाही. हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं. पकड टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जेवढी असेल तेवढीच. ती महिन्याच्या पगारासारखी समजा. समजा पकड १०० आहे. ब्रेकवर ८० खर्च केली तर वळायला किती उरते? मुलं म्हणाली २०. नाही, उरते ६०! कारण ब्रेकचा जोर आणि वळणाचा जोर एकमेकांना काटकोनात असतात. ८० चा वर्ग अधिक ६० चा वर्ग म्हणजे १०० चा वर्ग. सातवीतला पायथागोरस असा घाटात भेटतो. (गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावं.) मात्र पूर्ण १०० ब्रेकवर घातली की वळायला शून्य, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. आणखी एक. वेग ताशी ४० वरून ६० केला तर दीडपटच वाढला असं वाटतं, पण त्याच वळणाला लागणारी पकड सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर टाकलेला चिखल आणि वर पावसाची पहिली सर आली, की मुळातला १०० चा पगारच ४० वर येतो.

मग रेसवाले बंद करतात हे खोटं का? खोटं नाही. त्याला कारणं आहेत. रस्त्यासाठी बसवलेलं ईएससी सावध असतं, गाडी जराशी सरकली की मध्ये पडतं. टायरची सर्वात जास्त पकड मात्र ते थोडंसं घसरत असतानाच मिळते, अजिबात न घसरता नाही. निष्णात ड्रायव्हर त्या काठावर गाडी ठेवतो. वळणातून बाहेर पडताना यंत्रणेने इंजिनाचा जोर कापला की त्याचा वेळ जातो. शिवाय ती सारखी एकेका चाकाला ब्रेक लावत राहिली तर फेऱ्यांमागून फेऱ्यांत ब्रेक तापतात. आणि शिक्षक म्हणून मला पटलेलं कारण हे, की चुका झाकल्या जातात. ड्रायव्हरने वळणात घाईने ॲक्सिलरेटर दाबला, यंत्रणेने सावरलं, त्याला वाटलं आपल्याला जमलं! गणिताची उत्तरं मागच्या पानावरून उतरवणारा मुलगाही असाच खुशीत असतो.

खऱ्या रेसगाड्यांत तर बटणाचा प्रश्नच येत नाही. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत धावला. त्या गाड्यांत असली मदत नसतेच. पण ही मुलं कार्टिंगपासून सुरुवात करतात. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कार्ट म्हणजे चार चाकं, एक छोटं इंजिन आणि जमिनीला टेकल्यासारखी सीट. स्प्रिंग नाही, ईएससी नाही, एबीएस नाही. शेपूट सुटली की थेट बुडाला कळतं, आणि चुकलं तर गिरकी घेऊन टायरांच्या भिंतीपाशी थांबायचं. माझा भाऊ एकदा तिथे गेला होता. पहिल्या दहा मिनिटांत तीन गिरक्या. म्हणाला, "दहा वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण गाडी चालवायला येत नाही हे त्या दिवशी कळलं."

आता समजा तुमच्या ओळखीच्या कुणाकडे जोरकस स्पोर्ट्स कार आहे आणि तो कोइंबतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ती घेऊन जाणार आहे. त्याने बटण बंद करावं का? माझं मत, पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्याही नाही. ईएससी मध्ये पडलं की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. तो दिवा म्हणजे मास्तरांचं लाल पेन. कोणत्या वळणावर लुकलुकला ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या फेरीत तिथे ब्रेक थोडा आधी, ॲक्सिलरेटर थोडा हळू. चांगल्या वेगात फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि दिवा पेटत नाही, असं झालं की मग पुढची पायरी. आजकालच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये मधली पायरी असते. तीत यंत्रणा गाडीला थोडं सरकू देते, पण गिरकीच्या आधी पकडते. बहुतेक हौशी ड्रायव्हरांनी तिथेच थांबावं. पूर्ण बंद करायचं ते शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना, टायर गरम झाल्यावर, कोरड्या ट्रॅकवर, जिथे बाजूला मोकळी जागा आहे अशा ठिकाणी. पाऊस आला की पुन्हा चालू. यात कमीपणा कसला?

खिशाचाही विचार करावा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला.

ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही. म्हैस आडवी येत नाही. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, डोक्यावर हेल्मेट असतं, झेंडे घेऊन माणसं उभी असतात. घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि वळणावर वडापाव खात उभी असलेली कुटुंबं. रस्त्यावर ईएससीमुळे एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तिथे २०१२ पासूनच्या नव्या मोटारींत ते सक्तीचं आहे. एक अपवाद सांगते. चाक चिखलात रुतून जागेवर फिरत असेल तर बटण दाबून गाडी बाहेर काढता येते, कारण नाहीतर यंत्रणा इंजिनाचा जोरच देत नाही. गाडी बाहेर आली की लगेच चालू करायचं. बटण मुख्यतः याच कामासाठी दिलेलं असतं.

आमच्या गावाला बेभान दौडीचा इतिहास आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरसेनापती प्रतापराव गुजर इथेच पडले आणि त्यांचं स्मारक पाहायला लांबून माणसं येतात. त्यामुळे इथल्या पोरांना बेधडकपणाचं कौतुक असणारच. वर्गात एवढंच म्हटलं, ती रणभूमी होती रे, आंबोलीचा घाट नव्हे.

तासाच्या शेवटी त्या मुलाला घरचा अभ्यास दिला. काकांना विचारून ये, बटण चालू असताना पिवळा दिवा कधी लुकलुकतो का.

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेआधीच माझ्याकडे आला. "मॅडम, विचारलं. दर वळणाला लुकलुकायचा म्हणाले. म्हणूनच तर बंद केलंय."

मधल्या सुट्टीत मी त्याच्या वडिलांना फोन लावला.