नाथांच्या भूमिकेंतील बालगंधर्व : कांहीं साधनें व त्यांचें प्रामाण्य

छत्रपती संभाजीनगर शहरांतील उस्मानपुरा येथें महानगरपालिकेचें ‘संत एकनाथ रंगमंदिर’ आहे. नाथांचें पैठण तेथून दक्षिणेस पन्नास किलोमीटरांच्या सुमारास. शिवाय नाथांचीं भारुडें हीं नुसतीं वाचावयाचीं नसून सोंग घेऊन उभ्यानें सादर करावयाचीं आहेत. तेव्हां नाट्यगृहास त्यांचें नांव शोभतें ह्यांत संशय नाहीं. परंतु ह्या नांवाचा मराठी नाट्येतिहासाशीं आणखीही एक संबंध आहे व तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. स्त्रीभूमिकांसाठीं जे महाराष्ट्रांत अद्वितीय मानले गेले, त्या बालगंधर्वांनीं रुपेरी पडद्यावर प्रथम पदार्पण केलें तें नाथांची भूमिका घेऊन. प्रभात फिल्म कंपनीचा ‘धर्मात्मा’ हा तो चित्रपट, साल १९३५.

प्रस्तुत लेखाचा हेतु बालगंधर्वांचें समग्र चरित्र सांगण्याचा नाहीं. त्यांच्या गायनाचीं व अभिनयाचीं आज जीं साधनें उपलब्ध आहेत, त्यांपैकीं कोणतें कितपत प्रमाण मानावें, एवढाच प्रश्न आम्ही हातीं घेत आहों. जें डोळ्यांनीं दिसतें व कानांनीं ऐकूं येतें तें सर्वांत विश्वसनीय, असा सामान्य समज आहे. बालगंधर्वांच्या बाबतींत हा समज बराच तपासून घेतला पाहिजे, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा. नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजीं झाला. बालपणीं त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं ‘बालगंधर्व’ हें नांव दिलें, अशी परंपरा आहे. गायनाची तालीम त्यांनीं भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) ह्यांजपाशीं घेतली. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले व शकुंतलेच्या भूमिकेनें रसिकांच्या नजरेंत भरले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं रंगभूमीवर आलें. त्यांतील भामिनी ही त्यांची कीर्ति सर्वत्र पसरविणारी भूमिका होय. १९१३ सालीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढें ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी व ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू ह्या भूमिकांनीं त्यांचें स्थान निर्विवाद झालें. १९२१ सालच्या जुलै महिन्यांत टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस झालेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. त्यांत केशवराव भोसले धैर्यधर व बालगंधर्व भामिनी होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवरावांचें निधन झालें.

ह्या काळच्या प्रयोगाचें स्वरूप नीट समजल्यावांचून पुढील विचार कळणार नाहीं. प्रयोग रात्रीं सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. एकट्या ‘स्वयंवरा’ंत पन्नासाहून अधिक पदें आहेत. पद म्हणजे कांहीं ठराविक वेळांत संपविण्याची वस्तु नव्हे. ‘वन्समोअर’ची आरोळी उठली कीं तेंच पद पुन्हां, परंतु निराळ्या जागा घेऊन, निराळ्या अंगानें गाइलें जाई. साथीस अहमदजान थिरकवा ह्यांच्यासारखे तबलानवाज व कादरबक्षांसारखे सारंगिये असत. कोणत्या रात्रीं कोणतें पद किती वेळ गावयाचें, हें शेवटीं समोरचा श्रोतृवर्गच ठरवी. तात्पर्य, छापील पद हें सूत्र होतें व प्रयोग हें त्यावरील भाष्य. आणि भाष्य दर रात्रीं नवें.

हा व्यवहार अत्यंत खर्चाचा होता. मंडळी म्हणजे बिऱ्हाडासह गांवोगांव फिरणारा एक मोठा संसारच. उंची वस्त्रें, पडदे, नोकरवर्ग व भोजनखर्च ह्यांनीं कर्ज वाढत गेलें. त्यांतच १९३१ सालीं ‘आलम आरा’नें बोलपटाचें युग सुरू केलें. पुढील वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट निघाला. त्यांत हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे व तारामती झाल्या दुर्गा खोटे. येथें एक फरक नोंदण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१३ सालीं हीच कथा मूकपटांत आणली, तेव्हां तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केली होती. एकोणीस वर्षांत पडद्यावरील स्त्री ही स्त्रीच असली पाहिजे, असा संकेत रूढ झाला. रंगभूमीवरही हिराबाई बडोदेकर १९२९ पासून नाटकांत उतरल्या होत्या आणि १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकांत स्त्रियांनींच स्त्रीभूमिका केल्या. बालगंधर्वांच्या कलेचा जो आधारस्तंभ, तोच अशा रीतीनें हळूहळू खचत होता.

ह्या स्थितींत गंधर्व नाटक मंडळीचें काम थांबलें व बालगंधर्वांनीं प्रभात कंपनीशीं करार केला. त्यांतून ‘धर्मात्मा’ निर्माण झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथालेखक के. नारायण काळे व संगीतकार मास्तर कृष्णराव. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. अस्पृश्यांविषयीं नाथांचा जो समभाव महीपतीनें ‘भक्तविजय’ व ‘भक्तलीलामृत’ ह्या ग्रंथांतून वर्णिला आहे, तोच ह्या कथेचा गाभा आहे. चित्रपटाचें मूळ नांव ‘महात्मा’ होतें; परंतु त्या काळीं हा शब्द गांधीजींचा वाचक होऊन बसल्यामुळें सरकारी परिनिरीक्षकांनीं आक्षेप घेतला व ‘धर्मात्मा’ हें नांव द्यावें लागलें. संग्राहकांनीं ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवावी. ‘महात्मा’ ह्या नांवाचा एखादा कागद हातीं आल्यास तो निराळा चित्रपट समजूं नये; तो नामांतरापूर्वींचा, म्हणून अधिक मोलाचा पुरावा होय.

चित्रपट निघाला, परंतु बालगंधर्व तेथें रमले नाहींत. प्रभातशीं त्यांचा संबंध ह्या एका चित्रपटावरच संपला व ते पुन्हां रंगभूमीकडे वळले. ह्याचें कारण काय? वय सत्तेचाळीस झालें होतें, हें एक कारण सांगतां येईल. स्त्रीवेषाची मोहिनी नाहींशी झाली, हें दुसरें. ह्या दोन्हींत तथ्य आहे. पण त्यांनीं पुरा उलगडा होत नाहीं. संगीत देणारे मास्तर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य व गंधर्व मंडळींतच वावरलेले. म्हणजे गुरुपरंपरा एक, गायकीची ओळख पूर्ण. उणीव संगीताची नव्हती.

आमच्या मतें ह्याचें उत्तर भरतमुनींच्या एका भेदांत आहे. नाट्यशास्त्रांत नाट्यधर्मी व लोकधर्मी असे दोन धर्म सांगितले आहेत. संकेतांवर उभारलेलें तें नाट्यधर्मी. लोकव्यवहाराच्या स्वभावास अनुसरणारें तें लोकधर्मी. पुरुषानें रुक्मिणी व्हावें, शोकाच्या भरांतही तिनें तालासुरांत गावें, श्रोत्यांनीं टाळी दिली कीं कथा थांबवून तेंच पद पुन्हां म्हणावें, हा सर्व नाट्यधर्म. प्रेक्षक व नट ह्यांच्यांतील अलिखित करारावर तो चालतो. छायाचित्रकाराचें यंत्र अशा करारांत भागीदार होत नाहीं. तें टाळी देत नाहीं, दाद देत नाहीं. उलट चेहरा जवळ आणून त्याची बारीक परीक्षा करतें. शिवाय एक प्रसंग तुकड्यातुकड्यांनीं, दिव्यांच्या प्रकाशांत, श्रोत्यांवांचून उठवावयाचा. ज्याची कला श्रोत्यांच्या प्रतिसादावर पोसली, त्याच्या मुळाचें पाणीच येथें तुटलें.

ह्याची उलट बाजू पाहावयाची तर दूर जावें लागत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९३६ सालीं, त्याच कंपनीनें ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल, संगीतकार केशवराव भोळे, आणि तुकारामांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. पागनीस हेही पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. कंपनी एक, विषय संतचरित्र, नटाची पूर्वपीठिका सारखी. फळ मात्र अगदीं निराळें. ‘संत तुकाराम’ घरोघर पोंचला व १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपटमहोत्सवांत त्याचा गौरव झाला. पागनीसांचें गाणें भजनाचें होतें, बैठकीचें नव्हतें. तें बोलण्यांतून उगवे व बोलण्यांतच विरे. लोकधर्मास तें सहज मानवलें. बालगंधर्वांची गायकी श्रेष्ठ असूनही, किंबहुना तशी विस्तारशील असल्यामुळेंच, त्या चौकटींत मावली नाहीं.

ह्यानंतर १९३७ सालीं बाबूराव पेंटर ह्यांनीं ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट काढला. त्यांत बालगंधर्व स्त्रीवेषांत, मीरेच्या भूमिकेंत आहेत. ‘अमृतसिद्धि’ ह्या नाटकांतील मीरा त्यांनीं रंगभूमीवर पूर्वीं केलेलीच होती. परंतु रंगभूमीवरील संकेत पडद्यावर जसाच्या तसा नेला तरी त्याचा प्राण मागेंच राहतो, हें ह्या दुसऱ्या प्रयत्नानें दाखविलें.  रंगभूमीवर मात्र ते वार्धक्यापर्यंत उभे राहिले. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ सालीं पद्मभूषण हे सन्मान त्यांस मिळाले. १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

आतां साधनांचा निवाडा. चित्रपटांतील बालगंधर्व हे खरे बालगंधर्वच. परंतु आपल्या कलेच्या स्वाभाविक भूमीवरून उचलून नेलेले. तेव्हां ‘धर्मात्मा’ पाहून त्यांच्या अभिनयाची इयत्ता ठरविणें म्हणजे ग्रंथाचें एक सुटें पान पाहून सर्व ग्रंथावर अभिप्राय देणें होय.

ध्वनिमुद्रिकांची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मावतात. जें पद रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत लांबे, तें येथें इतक्या अवकाशांत बसवावें लागे. आलाप आखूड होतो, लय चढते, पुनरावृत्ति गळते. शिवाय आरंभींच्या मुद्रिका कर्ण्यापुढें गाऊन घेतलेल्या. विद्युत्साहाय्यानें मुद्रण १९२५ नंतरचें. म्हणून दोन मुद्रिकांतील आवाजाचा फरक हा नेहमींच गळ्याचा फरक नसतो. पुष्कळदां तो यंत्राचा असतो. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर ध्वनिमुद्रिका ही संक्षिप्त प्रत आहे. ती अस्सल आहे, कर्त्याच्या मुखांतली आहे. पण पूर्ण नाहीं. तींत जें आहे तें प्रमाण मानावें. जें नाहीं तें कर्त्यास ठाऊक नव्हतें, असें अनुमान मात्र करूं नये.

मग उरलेला भाग कोठें शोधावयाचा? कागदांत. नाट्यगृहांत विकली जाणारीं पदांचीं पुस्तकें, खेळाचीं हस्तपत्रकें, पडद्यामागून नटांस वाक्यें पुरविणाराची प्रत, मंडळींच्या हिशेबवह्या, चित्रपटासोबत विकली जाणारी कथेची व गीतांची पुस्तिका, हीं ती साधनें. छापील नाटक हा नाटककाराचा पाठ. पुरवणाराची प्रत हा मंडळीचा पाठ. कोणतें पद गाळलें, कोठें नवें घातलें, कोणता प्रवेश कापला, हें ह्या दुसऱ्या प्रतींतील रेघोट्यांवरूनच कळतें. तारीख व गांव असलेलें एक हस्तपत्रक शंभर आठवणींचा वाद मिटवूं शकतें.

आठवणींस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. परंतु त्यांचें स्थान शब्दप्रमाणाचें आहे आणि शब्द आप्ताचा असला पाहिजे. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची कन्या वारली व तरीही त्यांनीं प्रयोग केला, हें सर्व चरित्रकार सांगतात, तें नाकारण्यास कारण नाहीं. मात्र त्या रात्रींचे जे संवाद व उद्गार पुढें पुढें वाढत गेले, ते प्रक्षिप्त श्लोकांसारखे निवडून ठेवावे. नाथांचें चरित्र लिहिणाऱ्यांस हीच अडचण येते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मूळ पुरुष जितका लोकप्रिय, तितका क्षेपकांचा भार अधिक.

शेवटीं संग्राहकांस दोन-तीन सूचना. जुनी तबकडी मिळाल्यास तिच्यावरील चिकटपत्राचा क्रमांक तर उतरावाच. पण चिकटपत्राच्या कडेस खोदलेला मूळ सांच्याचा क्रमांकही उतरावा. पुनर्मुद्रणांत पहिला बदलूं शकतो. दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाची खूण असतो. पोथीच्या पुष्पिकेचें जें महत्त्व, तेंच त्याचें. पुस्तिका व हस्तपत्रकें एकत्र बांधून त्यांच्या कडा छाटूं नयेत. मुद्रकाचें नांव व साल बहुधा तेथेंच असतें. कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याच्या दप्तरांत सांपडला, हेंही लिहून ठेवावें. लाखेची तबकडी एका धक्क्यानें फुटते. जुनी चित्रफीत आपोआप कुजते. स्वस्त कागद तर वाळून चुरा होतो. मराठवाड्यांत ताम्रपट व पोथ्या जपणारीं घरें पुष्कळ आहेत. त्याच पेटाऱ्यांत एखादें नाटकाचें हस्तपत्रक असल्यास तें क्षुल्लक म्हणून फेंकून देऊं नये, एवढीच आमची सर्वांस विनंति आहे.